सायलेन्सरवर कोरलेलं नाव

डोरीन हॅल्व्हर्सनच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची होती. ती आपल्याला कायद्याने ठेवायला लावलीय, असं डोरीन म्हणायची. त्यात अर्धी थट्टा होती, पण अर्धं खरंही होतं. तिचा मूळ धंदा रोडिओत, म्हणजे उधळलेल्या बैल-घोड्यांवर टिकून बसायच्या स्पर्धेत, जिंकणाऱ्यांच्या कमरपट्ट्यांची चांदीची बक्कलं कोरण्याचा. वडिलांकडून शिकलेली, हात बारीक. पण अमेरिकेतल्या मोंटानात बरेच जण बंदुकीचा सायलेन्सर, म्हणजे आवाज दाबणारी नळी, घरच्या लेथवर स्वतःच बनवतात. त्यासाठी आधी सरकारकडे अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मंजुरी आली की नळी बनवायची आणि तिच्यावर आपलं नाव, गाव आणि नंबर ठरलेल्या खोलीपर्यंत कोरून घ्यायचा. वस्तू मालकाच्या नजरेआड ठेवायची सोय नाही. त्यामुळे डोरीन कोरत असे आणि मालक समोर बसून बोलत असे. गावातल्या निम्म्या पुरुषांची दुखणी तिला त्या खुर्चीमुळे कळली होती.

वेंडेल प्रुएट पहिल्यांदा तिथे बसला त्याला बारा वर्षं झाली. मेंढ्या पाळणारा माणूस. कोकरांच्या दिवसांत कोल्ह्यांवर गोळ्या झाडून झाडून त्याचा डावा कान गेला होता, आणि उजवा तरी सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंजुरीसाठी आठ महिने थांबून तो नळी घेऊन आला. डोरीनने त्याचं नाव कोरलं. तो दीड तास बोलत राहिला, आणि ती उत्तर द्यायची तेव्हा डोकं वळवून उजवा कान पुढे करायचा.

पुढे सायलेन्सरच्या नोंदणीविरुद्ध काही जणांनी सरकारवर खटला भरला, त्यात त्याने वादी म्हणून नाव घातलं. सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा कर सरकारने शून्यावर आणला होता. नोंदणीची ही सगळी यादी कराच्या आधारावर उभी होती, कर गेला तर यादी कशाला, असं वादींचं म्हणणं. दुसरा मुद्दा जुनाच. शस्त्र बाळगायचा हक्क घटनेने दिलाय, पण सायलेन्सर हे शस्त्र की शस्त्राला लावायची नुसती वस्तू? काही न्यायालयांनी वस्तू म्हटलं होतं. वेंडेलने हे समजावलं तेव्हा डोरीन म्हणाली, "म्हणजे बक्कल हा पट्ट्याचा भाग की दागिना, असंच ना? त्यावरून माझी गिऱ्हाइकंसुद्धा भांडतात."

वेंडेलने तिच्याकडे एक प्रतिज्ञापत्र मागितलं. कान वाचवायला लोकांना किती थांबावं लागतं, किती खेटे पडतात, एवढं तिने लिहून द्यायचं. ती आनंदाने हो म्हणाली. पण लिहायला बसल्यावर तिला दुसरी गोष्टही आठवली. चार वर्षांपूर्वी वेंडेलच्या पिकअपमधून तो सायलेन्सर चोरीला गेला होता. सात महिन्यांनी शेरीफच्या ठाण्यातला पोलीस एक नळी घेऊन दुकानात आला. नाव आणि नंबर कानशीने घासलेले, फक्त दोन आकडे आणि एक अक्षर अर्धवट उरलेलं. डोरीनने भिंग लावलं. उरलेल्यातला चारचा आकडा वरून उघडा होता; ती तसाच कोरते, वडीलही तसाच कोरायचे. हा वेंडेलचा, असं तिने जागच्या जागी सांगितलं. नळी परत मिळाली, चोरही सापडला. तिने तेही लिहिलं.

वादींची वकीलबाई बिलिंग्जहून आली, तरुण आणि सभ्य. तिने कागद दोनदा वाचला. "तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. पण हा दुसरा परिच्छेद समोरच्या पक्षाला मिळाला तर ते तो फ्रेम करून लावतील. काढाल का?"

डोरीनने तो काढला नाही. मग तिचा कागद वापरायचाच नाही, असं ठरलं.

वेंडेल दोन दिवसांनी आला, पण खुर्चीत बसला नाही. "तू कुणाच्या बाजूने आहेस, डोरीन?"

"मला दोन गोष्टी माहीत होत्या. दोन्ही लिहिल्या."

"माझा कान गेला त्याचं काय?"

"तेच तर पहिल्या परिच्छेदात आहे, वेंडेल."

तो निघून गेला. महिनाभर कॅफेत तो तिच्या टेबलापाशी आला नाही. डोरीनला याचं वाईट वाटलं, पण आपलं चुकलं असं मात्र वाटलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, याचं तिला नवल वाटत राहिलं.

सुनावणी ग्रेट फॉल्सला होती. आदल्या दिवशी वेंडेलचा फोन आला. मुलगी येणार होती, तिचं जमत नव्हतं, आणि त्या मोठ्या खोलीत कानातलं यंत्र नुसतं घुमतं. सोबत येशील का, हे त्याने थेट विचारलं नाही. डोरीन म्हणाली, "सहाला निघू."

न्यायालयात कुजबुजायची सोय नव्हती, म्हणून तिने वही काढली. वकील बोलत होते तसं ती तिच्या टपोऱ्या अक्षरांत लिहीत गेली आणि वही त्याच्या गुडघ्यावर सरकवत गेली. त्यांची वकीलबाई कराबद्दल बोलली, कानांबद्दल बोलली. मग सरकारचा वकील उठला. आवाज दबला तर शेजाऱ्याला गोळी ऐकू येत नाही, आणि नोंद नसली तर चोरीची वस्तू कुणाची हे कळत नाही, असं तो म्हणाला. तेही डोरीनने जसंच्या तसं लिहिलं. चोरीच्या ओळीवर वेंडेलचं बोट थांबलं. त्याने पान उलटलं नाही. तिनेच हळूच उलटलं, कारण न्यायाधीश बोलू लागले होते. त्यांनी दोघांनाही अवघड प्रश्न विचारले आणि निकाल राखून ठेवला.

परतीला बेल्ट नावाच्या गावाजवळ ते हकलबेरी या रानफळाचं 'पाय' हे गोड पक्वान्न खायला थांबले. वेंडेलने पहिला घास घेतला.

"सरकारचा माणूस चांगलं बोलला," तो म्हणाला.

"आपली बाईही चांगली बोलली."

"मला अजून वाटतं, आपण जिंकावं."

"वाटू दे की. तुझा उजवा कान राहिला पाहिजे, असं मलाही वाटतं."

"पण तुझा तो कागद," तो म्हणाला. "मी वकीलबाईला सांगायला हवं होतं, दोन्ही परिच्छेद राहू दे म्हणून."

 खाण्याचं बिल डोरीनने दिलं, त्याने दोनदा नको म्हटल्यावरही.

निकाल वसंतात लागला, वादींच्या विरुद्ध. आता अपील वरच्या न्यायालयात आहे. तिकडे काय होईल हे वकीलबाईलाही सांगता येत नाही. दुसऱ्या एका राज्यातला असाच खटला उलट्या दिशेने चाललाय, असं ती म्हणते. वेंडेलने अपिलात नाव कायम ठेवलं. मुलीच्या नावाची मंजुरी आल्यावर त्याने तिच्यासाठी एक नवी नळी बनवली आणि तिला घेऊन तो दुकानात आला. त्या दिवशी खुर्चीत मुलगी बसली होती, तो दारात उभा होता. डोरीन भिंग लावून मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर कोरत होती आणि वेंडेल पावसाने कुजलेल्या गवताबद्दल नेहमीसारखा मोठ्याने बोलत होता.