यंदा आमच्याकडे सण नाही

भिंगारच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची आणि शेजारच्या मावशींची भिंत एक होती, ओसरीही एकच. मावशींचे यजमान लष्कराच्या डेपोत ड्रायव्हर होते आणि माझा नवरा तिथेच कारकून. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत, लांब कुठेतरी बर्फात. तीन वर्षांत त्याला दिवाळीची रजा मिळाली नव्हती. त्या वर्षी मिळणार होती आणि हे मावशींनी दसऱ्यापासूनच दूधवाल्यापासून धोब्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी मात्र त्याच दसऱ्यापासून दिवाळी कशी टाळावी या विचारात होते. भिंगारच्या बाहेर दोन गुंठे जागेचा विसार देऊन झाला होता आणि उरलेल्या पैशांसाठी मी घरात सगळ्यांच्या जिभेला कुलूप घातलं होतं. चहातली साखरसुद्धा माझ्या नजरेतून सुटायची नाही.

टाळण्याची वाट मला आदल्या वर्षी सापडली होती. त्या वर्षी सासरे गेले. दुखवट्याच्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, शेजारीपाजारी फराळ आणून देतात. आमच्याकडेही आठ घरांतून ताटल्या आल्या. एरवी शेजारची ताटली रिकामी परत करायची नसते, पण दुखवट्याच्या घरातून ती नुसती धुऊन गेली तरी कोणी काही म्हणत नाही. नणंदा आल्या नाहीत, कपडे झाले नाहीत. सासऱ्यांसाठी मी मनापासून रडले, कारण त्या घरात माझी बाजू घेणारे तेवढेच होते. तरी भाऊबीजेच्या दिवशी भरलेले डबे बघताना मनात आलंच, की इतकी स्वस्त दिवाळी आपली कधी झाली नव्हती. सांगायला लाज वाटते, पण आलं.

मावशींचा मुलगा यायचा होता त्या वर्षी भाद्रपदात पारनेरकडचे एक चुलत चुलतसासरे वारले. मी त्यांना दोनदा पाहिलं होतं, त्यातलं एकदा माझ्याच लग्नात, खाली मान घालून. त्यांचं सुतक दहा दिवसांत फिटलं. ते मी दिवाळीपर्यंत ताणलं. नळावर सगळ्याजणी असताना पदर डोळ्याला लावून सांगितलं, की यंदाही आमच्याकडे सण नाही. नवऱ्याच्या लक्षात आलं, पण तो पेपर वाचत राहिला. सात वर्षांच्या मुलीने विचारलं, पारनेरचे आजोबा खूप चांगले होते का. मी हो म्हटलं.

पहिली ताटली मावशींची आली. स्टीलची, जाड, काठावर त्यांच्या मुलाचं नाव कोरलेलं. त्याच्या बारशात आलेली ती ताटली त्या कोणाला सहसा देत नसत. चकल्या, करंज्या, वरून पदराने झाकलेल्या. मुलासाठी केलेल्या पहिल्या घाण्यातलं मला आणलं होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे मी दार उघडलं. समोरच्या सगळ्या क्वार्टरांवर कंदील लागले होते. आमच्या ओसरीवर मात्र दोन्ही दारांपुढे अंधार. मावशींचा मुलगा आदल्या संध्याकाळी आला होता, त्याची ट्रंक ओढल्याचा आवाज मी ऐकला होता. तो पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होता. मावशींनी त्याच्यासाठी आणलेला मोठा कंदील दारामागे घडी करून ठेवलेला दिसला. कंदील का लावला नाही, असं मी मावशींना विचारलं.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पोरी, तुझ्या दारात दुख हाय. एकाच वसरीत आमी कंदील लावून फटाके उडवायचे, ते बरं दिसतं व्हय? त्यालाबी सांगितलं, पुढल्या साली उडवू.”

तुम्ही लावा, आम्हाला काही वाटणार नाही, असं मी कसंबसं म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. खरं बोलले असते तरच तो कंदील लागला असता. तो पारनेरचा माणूस माझा कोणी नव्हता, एवढंच सांगायचं होतं. पण घरात फळीवर लोकांच्या ताटल्या रांगेने मांडलेल्या होत्या, आणि ते एक वाक्य बोलले असते तर त्या सगळ्या चोरीच्या झाल्या असत्या. मी मान खाली घातली. मावशींना वाटलं, मला रडू येतंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

चार दिवस तो मुलगा त्या ओसरीवर दबक्या आवाजात बोलला. माझ्या मुलीशी पत्ते खेळला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रिक्षात बसून गेला तेव्हा मावशी कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि रिक्षा वळली तरी तिथेच उभ्या होत्या. मी खिडकीतून बघत होते. बाहेर गेले नाही.

त्यानंतर मला त्यांच्याशी बोलणं जमेना. मी पाणी भरायची वेळ बदलली, ओसरीत बसणं सोडलं. मावशींना तेही दुःखच वाटलं, म्हणून त्या आणखी मायेने वागायला लागल्या. नवऱ्याला एकदा सांगून बघितलं. होतं असं, म्हणून त्याने पान उलटलं. भरल्या वस्तीत, भरल्या घरात मी इतकी एकटी कधी पडले नव्हते.

त्यांची ताटली मी ठेवून घेतली होती. पुढच्या दिवाळीला भरून द्यायची आणि तेव्हाच सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. पण उन्हाळ्यात त्यांचे यजमान रिटायर झाले आणि सामान टेम्पोत चढलं. राजूरच्या पलीकडे कुठेशी त्यांची वाडी होती. सामान चढवायला मी मदत केली, त्यांच्या पाया पडले. ताटली द्यायची विसरले नव्हते. रिकामी द्यायचा धीर झाला नाही.

त्या दोन गुंठ्यांवर आम्ही घर बांधलं. कंपाउंड आहे, फाटक आहे, ओसरी कोणाबरोबर वाटून घ्यावी लागत नाही. फराळाची ताटली घेऊन इथे कोणी येत नाही. दिवाळीला मी पहिला घाणा त्या ताटलीत काढते आणि संध्याकाळी एकटीच खाते. राजूरला एसटी जाते, पण मी कधी गेले नाही. मावशींच्या मुलाला पुन्हा दिवाळीत रजा मिळाली की नाही, ते मला माहीत नाही.