बापाचं गाव

विठूदादाला मी कधी गप्प पाहिलं नव्हतं. त्या रविवारपर्यंत.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एक कंटेनर यार्ड आहे. तो तिथे क्रेन चालवतो. मी गेट ऑफिसात कागद तपासतो. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि इथे लागलो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला डब्याच्या वेळी गाठलं.

"सॉल, गाव कंचा?"

"पनवेल."

"पनवेल गाव नाय, स्टॉप हाय. खरा गाव सांग."

मी सांगितलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आडनावात एक गाव आहे, पण तिथे आता आमचं कुणी राहत नाही. निम्मे नातेवाईक इस्राएलला गेले. ऐकून तो मनापासून हळहळला.

"म्हंजे तुला कुठल्याच टीममध्ये खेळता येणार नाय रे!"

त्याचं गाव चिंचखार. गव्हाणच्या पुढे, खाडीला लागून. 'गावदेवी चिंचखार' या संघाचा तो कॅप्टन आणि कीपर. आठवडाभर क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसलेला माणूस रविवारी स्टंपमागे बोलत सुटायचा. बॅट्समनची बॅट कुणाकडून मागून आणली आहे इथपासून ते त्याचं लग्न का जमत नाही इथपर्यंत. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पिचवर पाणी मारायचा. संघाच्या जर्सी त्याच्या घरी धुतल्या जायच्या. त्याची आई गुणाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. ती जर्सी बोंबलांच्या शेजारच्या दोरीवरच वाळत घालायची.

"वास येतो म्हणून बॅट्समन पुढं सरकतो," विठूदादा म्हणायचा. "म्हणून तर माझ्या स्टंपिंग जास्त."

मी दर रविवारी जायला लागलो. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. मला त्याचं बोलणं ऐकायचं असायचं. 'आमचा गाव' हे दोन शब्द तो असे उच्चारायचा की मला हेवा वाटायचा.

खाडीकिनारा लीगमध्ये 'एक गाव, एक संघ' असा नियम आहे. पैसे देऊन बाहेरचा खेळाडू आणायचा नाही. पण संघ भाचे आणायला लागले. मामाच्या पत्त्यावर आधार कार्ड करायचं आणि उतरवायचं मैदानात. यंदाच्या हंगामाआधी सगळे कॅप्टन बसले तेव्हा विठूदादाच उठला.

"आधारवरचा पत्ता कुणीपण बदलतो. बाप बदलता येत नाय. बापाचा गाव तोच पोराचा गाव. करा नियम."

टाळ्या पडल्या. नियम झाला.

लीगचा आणखी एक रिवाज आहे. हरकत घ्यायची तर ती माईकवर घ्यायची. पूर्वी एक भांडण मांडवामागे मिटवलं होतं आणि त्यातून दोन गावांचं लग्नकार्यातलं येणंजाणं बंद झालं होतं. तेव्हापासून जे काय ते सगळ्यांसमोर, कर्ण्यावर.

उपांत्य सामना चिंचखारच्याच मैदानावर होता. समोर तळेपाडा. तळेपाड्याकडे केतन नावाचा डावखुरा पोरगा होता. तो बॅटिंगला आला की खाडीपर्यंत बॉल शोधायला माणसं बसवावी लागायची. यंदा त्याच्यावर अजून कुणी हरकत घेतली नव्हती.

टॉस व्हायच्या आधी विठूदादा मांडवात गेला. माईक हातात घेतला.

"हरकत हाय. केतन तळेपाड्याचा नाय. त्याची आय नवऱ्याकडून माघारी आलेली हाय. हा तिथला भाचा. आजोळी आंबे खायला जातात, सेमीफायनल खेळायला नाय!"

चिंचखारची माणसं खो-खो हसली. पलीकडे तळेपाड्याच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक बाई जमिनीकडे बघायला लागली.

तळेपाड्याकडून काशिराम काका आले. केतनचे आजोबा. वय झालेलं, गुडघे धरून चालणारे. त्यांनी आधी माईकला हात लावला नाही.

"विठू, सोड ना. पोराला खेळू दे."

"काका, नियम तो नियम."

"मी सांगतो म्हणून सोड."

"बोलायचा तर माईकवर बोला काका. रिवाज हाय."

 मग काकांनी माईक घेतला.

"ठीक हाय. बापाचा गाव तोच पोराचा गाव. हा विठू. याचा बाप माझा सख्खा भाऊ. याची आय गुणा आमच्या घरात दिलेली. माझ्या भावानं दुसरी आणली, तवा ती या पोराला कडेवर घेऊन इथं माघारी आली. मग सांगा, हा कंच्या गावचा? द्या आमचा कीपर आमाला!"

आता तळेपाडा हसला. समालोचक तोंडाला रुमाल लावून हसत होता. त्याला राहवलं नाही. "तळेपाड्याला एक कीपर फुकट!" तो ओरडला. सामना मोबाईलवर लाइव्ह चालू होता. दुबईत बोटीवर असलेली पोरंही बघत होती.

विठूदादाने माईककडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. बापाचं नाव त्याच्या आधार कार्डावर होतं. पण ते त्याला पत्त्यातल्या पिनकोडसारखं होतं. मामांनी त्याला वाढवलं होतं. आपण भाचे आहोत हे चिंचखारने त्याला कधी जाणवू दिलं नव्हतं. नंतर तो मला म्हणाला, "नियम सांगताना पण मनात नाय आला रे. एकदा पण नाय."

गुणाबाई मैदानातच होती. बाजारातून थेट आली होती, रिकामी टोपली शेजारी ठेवून बसली होती. ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि टोपली उचलली. तिच्या घराची वाट सीमारेषेच्या कडेने जाते. ती अर्धं मैदान चालून गेली आणि सगळे तिला बघत राहिले. कर्णे बंद होते.

लीगच्या समितीने निकाल दिला. नियम दोघांना सारखा. दोघं बाहेर, नाहीतर हरकत मागे घ्या आणि दोघं खेळा.

चिंचखारचा संघ गोल करून उभा राहिला. प्रणित व्हाइस कॅप्टन. त्याला बॅट धरायला विठूदादाने शिकवलं होतं.

"दादा, तुमी बसा," प्रणित म्हणाला. "केतन गेला की मॅच आपलीच. कीपिंग मी करतो."

"म्हंजे मी भाचा?"

"तसा नाय दादा... पण नियम तुमीच केलाय ना."

विठूदादाने एकेकाकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. एक जण बांधलेलीच लेस पुन्हा बांधत होता. मी दोरीच्या बाहेर उभा होतो. मला सगळं ऐकू येत होतं आणि खरं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांचा हिशोब त्या पोरांनी एका श्वासात केला होता, आणि त्यांच्या बाजूने तो बरोबरही होता.

त्याने ग्लोव्हज काढले. प्रणितच्या हातात दिले. मग मांडवात गेला.

"हरकत मागे. केतन खेळंल."

"मग तुमी पण खेळा ना!" प्रणित मागून ओरडला.

"नाय."

"काय दादा, दोन्हीकडून घालवलात!"

तो थांबला नाही. मी त्याच्या मागे गेलो. का गेलो ते माहीत नाही.

गुणाबाई घरासमोरच्या नळावर टोपली घासत होती. त्याला पाहूनही तिचा हात थांबला नाही.

"आय, माझ्यामुळे तुला लाज..."

"मला कसली लाज?" ती म्हणाली. "तिथून निघाले तवा मान वर करून निघाले मी. सासऱ्याला सांगून निघाले. आज माझ्याच गावात तू मला मान खाली घालून चालवलास."

तो उभा राहिला. चाळिशीकडे झुकलेला, क्रेनने कंटेनर उचलणारा माणूस. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"आणि ती मनिषा?" गुणाबाईने विचारलं.

"कोण मनिषा?"

तिने टोपली खाली ठेवली.

"केतनची आय. काशिरामची पोरगी, तुझी चुलत बहीण. नाव पण ठाऊक नाय तुला तिचा. आन् माघारी आली म्हणून कर्ण्यावर सांगितलंस. हसवलंस लोकांना."

"आय, मी—"

"माझ्यापुढं काय उभा राहतोस? तिकडं जा."

आम्ही परत आलो तेव्हा केतन खेळत होता. प्रणित स्टंपमागे होता. तोही बोलत होता, विठूदादाचेच टोमणे, त्याच्याच चालीत. चिंचखारच्या कुणीतरी विठूदादाला हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. तो मैदानाला वळसा घालून तळेपाड्याच्या बाजूला गेला.

मनिषा पुढच्या खुर्चीत बसली होती. मघाशी जमिनीकडे बघणारी ती हीच. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने पदर तोंडाशी नेला.

"मनिषाताई," तो म्हणाला. पुढचं त्याला जमेना. स्टंपमागे एका चेंडूत दहा वाक्यं बोलणारा माणूस. "मघाशी मी जो... मी तुमाला..."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या कमरेच्या बाजूने मान वाकवून ती पिचकडे बघत होती.

"सरका," ती म्हणाली. "पोरगा खेळतोय. दिसत नाय."

तो निघून जाऊ शकला असता. मला वाटलं तो जाईल. तो बाजूला सरकला आणि तिच्या खुर्चीशेजारी मातीत बसला. चिंचखारची पिवळी जर्सी, पाठीवर त्याचं नाव. केतनने चौकार मारला. बायका उठून ओरडल्या, त्यांचे पदर त्याच्या डोक्यावरून गेले. तो गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिला.

सामना संपेपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आणि तोही उठला नाही.