ज्योतीवहिनीची ग्रीक पोथी

माझी वहिनी ज्योती संगमनेरच्या कॉलेजात एम.ए. करते, याचं आमच्या कोल्हारात कुणाला नवल वाटलं नाही. हल्ली घरोघरी कुणी ना कुणी काहीतरी शिकतच असतं. पण तिने ग्रीक आणि रोमन लोकांचं जुनंपुराणं साहित्य शिकायला घेतलंय हे कळलं, तेव्हा माझ्या आईने, रतनबाईंनी, कपाळाला हात लावला. "मेलेल्या मान्सांचं वाचून काय मिळायचं?" असं तिचं म्हणणं. मी केडगावला शाळेत मराठी शिकवते. मीही मेलेल्या माणसांचंच शिकवते आणि त्यावर घर चालवते, असं मी तिला ऐकवलं. आईशी भांडायचा मला दांडगा अनुभव आहे, जिंकायचा नाही.

वहिनी पाथर्डीकडची. तिचे आईवडील ऊसतोडीला आमच्या प्रवरेकाठी यायचे, ती मात्र वसतिगृहात राहून शिकली. अंगाने गोल, आवाजाने मोठी. हसायला लागली की तोंडात पदर कोंबते, तरी ते हसू गोठ्यापर्यंत ऐकू जातं. लेक शाळेत जायला लागली आणि हिने माझ्या भावाला, कल्याणला, गाठून कॉलेजात नाव घातलं. कल्याण दुधाचा टेम्पो चालवतो आणि बायकोपुढे त्याचं काही चालत नाही, ही त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ग्रीकच का, असं मी वहिनीला विचारलं होतं. ती म्हणाली, "ताई, त्यांचे देव लई भांडकुदळ हायेत. लग्नाला बोलवलं न्हाई म्हनून एक देवी अशी कळ लावती, का अख्खं शहर जळून जातं. आपल्या भावकीत काय येगळं हुतं?"

पण श्रावण लागायच्या सुमारास आईचे गुडघे धरले. वहिनी एसटीने संगमनेरला गेली की गोठा, स्वयंपाक, कांदा साठवायची चाळ, सगळं आईवर पडायचं. आई वाईट नाही, हट्टी आहे. तिने एके दिवशी सांगून टाकलं, "बी.ए. झालीस, बास झालं. आता कालेज बंद." कल्याण टेम्पोचं चाक तपासायला बाहेर गेला. ते चाक एकदम ठणठणीत होतं.

वहिनी रडली नाही, भांडलीही नाही. फक्त म्हणाली, "आई, एक पुस्तक अर्धं झालंय. तेवढं पुरं करू द्या." आता योग असा, की त्या वर्षी आमच्या आळीत पोथी वाचणारे बुवा लेकाकडे पुण्याला गेले होते आणि श्रावण पोथीविना कोरडाच चालला होता. आईला ते डाचत होतं. तिने विचार केला आणि सौदा ठरवला. दुपारी चाळीत कांदा निवडायला बायका बसतात, तिथे ते पुस्तक पहिल्यापासून मोठ्याने सांगायचं, हात मात्र चालू ठेवायचे. ज्या दिवशी पुस्तक संपेल त्या दिवशी कॉलेज संपलं. "तवर जा," आई म्हणाली. वहिनीने मान डोलावली.

मला हे फोनवर कळलं तेव्हा मी इतकी चिडले, की पोळी करपली. पण वहिनी माझ्याहून हुशार निघाली. पुस्तक होतं वेढा पडलेल्या एका शहराच्या युद्धाचं महाकाव्य. इंग्रजीत वाचायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं, आणि सांगायचं ते असं, की मुंगी पुढे जाईल पण गोष्ट जाणार नाही. कुठल्या गावचे लोक किती जहाजं घेऊन आले, याची त्यात लांबलचक यादी आहे. कॉलेजातली मुलं ती पानं उडवतात म्हणे. वहिनीने एक नाव गाळलं नाही. बायकांनाही ती यादी फार भावली. लग्नात कोणाकडचे किती आले, हे ऐकायला कुणाला कंटाळा येतो?

मी सुट्टीला गेले की मीही चाळीत बसायचे. सडका कांदा एकीकडे, मोड आलेला दुसरीकडे, आणि मध्ये रुसून तंबूत जाऊन बसलेला तो थोर लढवय्या. मनकर्णामावशीला त्याचा भारी राग. "समदे मरायला लागल्यात आन् ह्यो बसलाय फुगून!" शेजारच्या शहजादीभाभी त्याची बाजू घ्यायच्या. "त्याचा अपमान झालाय, मावशी. मानाचं हाय ते." यावरून दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. आई वरवर म्हणायची, "हात चालवा गं." पण एकदा वहिनीला ताप आला, तर गुडघे दुखणारी माझी आई काढ्याचा पेला घेऊन तिच्या उशाशी बसली आणि हळूच म्हणाली, "निजूनच सांग. त्यो तंबूतनं निघाला का न्हाई?"

तरी पुस्तक हे पुस्तकच. भादव्यात शेवट दिसायला लागला. त्या रविवारी मी मुद्दाम आले होते. वहिनीचा चेहरा उतरला होता आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने शेवटचं सांगायला घेतलं. ज्याने आपल्या लेकाला मारलं त्याच्याच तंबूत म्हातारा राजा जातो, त्याचे पाय धरतो आणि लेकाचं प्रेत मागतो. शहजादीभाभींनी डोळ्यांना ओढणी लावली. कांद्याने पाणी आलं असं एरवी सगळ्याच म्हणतात, त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. मग प्रेत घरी आलं, चिता पेटली, लोक जेवले. वहिनीने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "झालं. संपलं."

मला वाटलं, आता आई उठेल, लुगडं झटकेल आणि सौदा पुरा होईल. पण आई उठेना. कुणीच उठेना.

"पुढं?" आई म्हणाली.

"पुढं काय न्हाई, आई. हितंच संपतं."

"असं कसं संपंल? मढ्यावर कुनी पोथी ठेवतं व्हय?"

आमच्याकडे हा रिवाज फार कडक आहे. पोथीत कुणाचं मरण आलं तर तिथे थांबत नाहीत. कितीही उशीर होवो, कुणाचा जन्म किंवा लग्न लागेपर्यंत, निदान कुणी सुखरूप घरी येईपर्यंत वाचतात, मगच आरती. नाहीतर ते मरण ऐकणाऱ्याच्या उंबऱ्यात येऊन बसतं अशी समजूत. श्रावणाचं म्हणून ऐकायला बसलेल्या बायका आता चितेवरून उठून घरी कशा जाणार? मनकर्णामावशीने तर पाय आणखीच पसरले.

"कोन घरी पोचतं का न्हाई त्यातलं?" आईने विचारलं.

"पोचतो की एक जन," वहिनी म्हणाली. "पन ते दुसरं पुस्तक हाय. पुढच्या सत्राला."

"मग आन ते."

"कालेजच्या लायब्ररीत हाय, आई. नाव काढल्यावर कसं मिळंल?"

ते पुस्तक मोबाईलवर फुकट मिळतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी जन्मात पहिल्यांदा आईसमोर तोंड बंद ठेवलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन पदर तोंडात कोंबला.

"किती दिस लागत्यात त्याला घरी पोचायला?" शहजादीभाभींनी विचारलं.

"दहा वर्सं," वहिनी म्हणाली. "बायको वाट बघत बसलेली असती."

चाळीत हळहळ पसरली. आई बराच वेळ कांदा हातात फिरवत बसली. मग तो चांगला कांदा तिने सडक्या ढिगात टाकला आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या यष्टीनं जा. गोठ्याचं मी बघते." तेवढ्यापुरतं उठता यावं म्हणून वहिनीने पुढच्या पुस्तकातला शेवट आधीच थोडक्यात सांगितला. नवरा-बायको भेटले, बायकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आम्ही आरती म्हटली. कुणाची म्हणायची ते न सुचल्याने गणपतीची म्हटली. मी इतकी जोरात गायले की कल्याण टेम्पो थांबवून बघायला आला.

दुसऱ्या पुस्तकातला तो गडी हिवाळा संपता संपता घरी पोचला. शेवट ठाऊक असूनही बायकांनी एक प्रसंग सोडू दिला नाही. दरम्यान आईच्या गुडघ्यांवर इलाज झाला आणि वहिनी पहिलं वर्ष पास झाली. जूनमध्ये, मी सुट्टीला आलेली असतानाच, पुढच्या वर्षाला नाव घालायचं होतं. वहिनी आईपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली. आई वाती वळत होती.

"आता कोनतं?" आईने मान वर न करता विचारलं.

"रोमन लोकांचं हाय एक. जळालेल्या शहरातनं एक जन म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घिऊन निघतो, तितनं पुढं."

"चांगला दिसतोय पोरगा. शेवट कशावर हाय?"

वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला जमत नाही. "शेवटी त्यो एकाला मारतो, आई. तितंच संपतं."

आईने वात बोटांत धरून तिच्याकडे पाहिलं आणि मग हसली, अगदी वहिनीसारखी, मोठ्याने.

"मंजी त्याच्याम्होरंबी काहीतरी लागनारच की गं," ती म्हणाली. "जा, घाल नाव."