देठाचा वास

माझा भाचा मिहिर कॅनडात असतो. तिकडे गांजा दुकानात रीतसर मिळतो. रविवारी मी आमरसासाठी आंबे पिळत बसले होते, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. हातात गांजाने भरलेली काचेची बरणी.

"मावशी, हे हायब्रीड आहे. आई अफगाणी इंडिका, वडील थाई सटायव्हा."

त्याच्या लग्नाच्या वेळी मी मुलीचं गोत्र विचारलं म्हणून याच मुलाने माझ्याशी अबोला धरला होता! आणि आता एका झाडाचं आजोळ तोंडपाठ.

"यातली टर्पिन्स, म्हणजे वासाची द्रव्यं, ऐक. लिमोनीन लिंबाच्या सालीतलं, कॅरिओफिलीन मिऱ्यातलं, मायर्सिन तर आंब्यातलं. आधी डोकं हलकं होतं, मग अंग सैल पडतं, भूक लागते, झोप येते."

मी वैतागले. लिंबू, मिरे, आंबे, सगळं माझ्या ओट्यावरच होतं. आणि आमरस-पुरी जेवून आमच्या घरात सगळ्यांना झोपच येते.

"एरवी झोप लागत नाही का रे तुला?"

झाकण काढून त्याने बरणी कॅमेऱ्याजवळ आणली. "वास घे ना."

"फोनमधून वास येतो का रे, शहाण्या?" मी खेकसले.

मग त्याने ती स्वतःच्याच नाकाशी धरली आणि डोळे मिटले. लहानपणी आंब्यांची पेटी उघडली की तो अस्साच एकेक आंबा देठाशी हुंगायचा. हुंगल्याशिवाय मला एकही पिळू द्यायचा नाही.

मी हातातला आंबा देठाकडून फोनसमोर धरला.

शहाणा पुढे वाकला आणि त्याने खोल श्वास घेतला.