आखूड एरियलचा सेट

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी, लीला, घेते. ‘हे’ आले, ‘हे’ गेले असं लिहीत बसले तर वाचणारा विचारेल, कोण हे? जानराव. माझा नवरा जानराव, कारंजाच्या तार ऑफिसात कडकट्ट करणारा तारबाबू, इंझोरीचा राहणारा आणि जन्माचा भित्रा. भित्रा म्हटलं म्हणून कोणी राग मानू नये. त्यात त्याचा काडीचा दोष नव्हता. तो पायाळू होता.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेला. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की इज, म्हणजे वीज, पायाळू माणसाला हुडकत येते. शेतात दहा माणसं असू द्या, त्यातला पायाळू ती बरोबर उचलते म्हणे. त्यामुळे आभाळ जरा गुरगुरलं की माझी सासू, मनकर्णाबाई, हातातलं काम टाकून आधी लेकाला घरात ओढायची. लहान होता तेव्हा कणगीमागं दडवायची, वरून घोंगडी टाकायची. मग घरातलं लोखंड अंगणात भिरकावायची. विळा, तवा, उलथणं, सगळं बाहेर. लोखंडावर इज येते ना! गावातली पोरं चिडवायची, “आभाळ आलं रे, जान्याले झाका!”

छप्पन साली सासऱ्यांनी दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव नाल्यात सोडले, अंगारे-धुपारे बंद केले. सासूनंही सगळं सोडलं. विजेचं तेवढं सोडेना. सासरे समजावून थकले. ती एकच म्हणायची, “देव गेले. इज गेली का?”

आणि गाव तरी कुठं शहाणं! कोणाची कंबर लचकली की तो जानरावापुढे पाठ वाकवून हजर. पायाळूची लाथ बसली की उसण जाते म्हणतात. नवी नवरी मी, सकाळी दार उघडते तर माझा नवरा पाटलाला लाथ घालतो आहे, आणि पाटील वाकल्या वाकल्या म्हणतो आहे, “अजून एक हान, जानराव.” माय वं! म्हटलं, मी कुठं येऊन पडले! एरवी आमच्या हातचं पाणी न पिणारा माणूस, पण लाथ चालत होती.

तर असा घरात कोंडलेला पोरगा. त्याला सोबत कोणाची, तर रेडिओची. पुढं तार ऑफिसात लागला आणि कारंजात त्याला कैलासचंद भेटले. कैलासचंद जैन, कापडाच्या दुकानाचे मालक, गिऱ्हाईक समोर असलं तरी अर्धं लक्ष बिनतारी यंत्रात. हौस म्हणून असं यंत्र चालवायलाही सरकारचा परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते, तीत तारेची कडकट्ट यावी लागते. जानरावाच्या बोटांत ती होतीच. दोघांनी मिळून परीक्षा दिली, दोघं पास झाले. घरी येऊन हा माणूस परवाना पुन्हा पुन्हा वाचत होता आणि मला हात लावू देत नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली कैलासचंदांनी मुंबईहून हातात मावणारे सेट आणवले. जहाजावरच्या कोणा माणसाकडून मिळाले होते. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. मी त्या दिवशी दुकानातच होते. कैलासचंदांनी गादीवर दोन सेट ठेवले. एकाचं एरियल पोलादी, ओढत गेलं की लांबच लांब निघणारं. दुसऱ्याचं रबरात गुंडाळलेलं, वीतभर.

“जानराव, लंबावाला घ्या,” कैलासचंद म्हणाले. “तुमी घरातून बोललं तरी माह्या गच्चीवर आवाज पोचते. या छोट्याले दम नाही.”

जानरावानं लांब एरियल पुरतं ओढून पाहिलं. ती चकचकीत काडी थेट आढ्याकडे रोखलेली. त्याच्या कपाळावर घाम आला. घाईघाईनं त्यानं ती आत दाबली आणि सेट खाली ठेवला.

“मले छोटावालाच द्या.”

“अरे पण कायले?”

कैलासचंदांना काय कळणार? मला कळलं, आणि मी हसले. “घ्या, कांद्याच्या पातीएवढी शेपटी. इज पाहीन तरी तिले दिसाची नाही.” कैलासचंदही हसले, जानरावही कसंनुसं हसला, आणि आम्ही तो आखूड एरियलचा सेट घेऊन घरी आलो.

झालं काय, की कैलासचंदांचंच खरं ठरलं. घरातून बोलावं तर कारंजाला नुसती खरखर. अंगणातून तेच. गावाबाहेरून तेच. शेवटी आमच्या घरामागची बर्डी होती, उघडी टेकडीच, माथ्यावर झाड नाही की झुडूप नाही, तिच्या टोकावर चढलं की आवाज लागायचा. तोही एका ठराविक जागी, सेट एका ठराविक बाजूला कलता धरला तरच. कुठं उभं राहायचं आणि कसं वळायचं ते त्यालाच ठाऊक. सुट्टीत घरी आला की आभाळ निरभ्र पाहून हा बर्डीवर चढे. तिकडे कैलासचंद दिवस मावळायच्या आत जेवणार, हात धुणार आणि सेट घेऊन गच्चीवर बसणार. मग यांचं बोलणं काय? “जेवले का?” “जेवलो.” “आभाळ कसं हाय?” “कोरडं हाय.” एवढ्यासाठी परीक्षा दिली होती दोघांनी! पण एक नियम त्यांनी पक्का केला होता. गरजायला लागलं की सेट बंद, गच्चीवरची तार काढून ठेवायची. हा नियम पायाळूचा नव्हता, पुस्तकातला होता.

त्याच वर्षी हस्ताच्या पावसात माझी नणंद रुख्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जानराव सुट्टीवर घरी असताना एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. भागिरथाबाई सुईण आली. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्याच हातची, जानरावाचं पण. दिवस कलता कलता ती आतून बाहेर आली आणि हात पुसत दारातच थांबली.

“पाय आला,” ती म्हणाली.

सासू भिंतीला टेकून खालीच बसली.

“मी आता हात लावत नाही,” भागिरथाबाई म्हणाली. “या जानरावाच्या वक्ताले मी ओढलं होतं, अन् मनकर्णा मरता मरता वाचली. मले भेव लागते. डाक्टरीन बाईले इचारा, काय करावं ते.”

डॉक्टरीण बाई कारंजाला. मधला नाला दोन्ही थड्या भरून चाललेला, बैलगाडी जाणार कुठून? गावात फोन नव्हता. आणि बाहेर आभाळ काळंकुट्ट होऊन बर्डीवर टेकलेलं. थेंब पडायला लागले आणि पहिला कडाका असा झाला, की चुलीवरचं झाकण वाजलं. सासू सवयीनं उठली, विळा घेतला, अंगणात फेकला. तवा फेकला. मग दारात येऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

कारण जानरावानं सेट हातात घेतला होता.

“तू नाही जायाचं,” ती म्हणाली.

त्याचे ओठ पांढरे पडले होते. “कैलासचंदजी जेवून गच्चीवर गेले असतीन,” तो म्हणाला. “तिकडं आभाळ कोरडं असलं त सेट चालू असन.”

“अन् नसलं त?”

त्यानं सेट सदऱ्याखाली घातला.

खरं सांगते, तो जावा असं मला वाटत नव्हतं. माझं लग्न होऊन उणीपुरी चार वर्षं झालेली. एकदा त्याच्याकडे पाहायची, एकदा आत रुख्मिणीकडे. मनात आलं, काहीही होवो पण हा दाराबाहेर पडू नये. तेवढ्यात रुख्मिणी आतून ओरडली. कळ नव्हती ती. शुद्धीत, स्पष्ट ओरडली, “दादा, तू जाऊ नको!”

मग माझंच डोकं फिरलं. “आत्याबाई,” मी सासूला म्हटलं, “तुमी लेकाले धरून ठेवा. लेक मरू द्या. लोक म्हनतीन, एक त वाचलं!”

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण ती चौकटीवरून हात काढून सरळ अंगणात उतरली. पावसात वाकून इकडेतिकडे चाचपलं, आणि मघाशी फेकलेला विळा उचलला.

“चाल,” ती लेकाला म्हणाली. “माह्या मांगं मांगं ये.”

मला वाटलं, म्हातारी भ्रमली. पण विचारायला वेळ कुठला! भागिरथाबाईनं हाक मारली, मी आत धावले आणि रुख्मिणीला पाठीमागून कवेत धरून बसले. त्या खोलीला बर्डीकडे एक झरोका होता. बाहेर एवढं अंधारलं होतं की दिवस असून काही दिसेना. चमकलं की तेवढं दिसायचं.

चमकलं. दोघं चढत होती, म्हातारी पुढं.

चमकलं. बर्डीच्या माथ्यावर जानराव उकिडवा बसलेला, मान खाली, सेट तोंडाशी. आणि त्याच्या अंगावर सावली धरावी तशी माझी सासू सरळ उभी. उजवा हात वर. हातात विळा.

तेव्हा मला कळलं, ती काय करत होती. लोखंडावर इज येते. ती लोखंड घेऊन लेकाच्या वर उभी होती. यायचीच असली तर इज आधी तिच्यावर यावी म्हणून. मी रुख्मिणीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, तिला ते दिसू नये म्हणून.

किती वेळ गेला देव जाणे! देव नाहीत आमच्यात, पण तेव्हा तोंडातून तेच निघालं. जानरावानं नंतर सांगितलं, की कैलासचंद पहिल्या हाकेला बोलले, पण डॉक्टरीण बाईला गच्चीवर आणायला माणूस धाडावा लागला, आणि तोवर त्याला जागचं हलता येईना. हललं तर आवाज तुटणार. हा मधून मधून म्हणे, “आई, खाली बस वं.” ती म्हणे, “तू तुह्या डबड्यात बोल. वर पाहू नको.” दर कडाक्याला तिचे पाय त्याच्या पाठीला लागत. तेवढ्यावरून त्याला कळायचं, की आई अजून उभी आहे.

कडाका झाला की मी डोळे मिटायची. मग उघडून पुढच्या चमकीची वाट पाहायची. दोन माणसं दिसली की श्वास घ्यायची. एकदा चमकलं आणि वर एकच माणूस दिसलं.

भागिरथाबाई विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मी नुसती झरोक्याकडे पाहत होते. एवढ्यात दार धाडकन वाजलं आणि जानराव आत आला, चिखलानं माखलेला, ओरडतच, “ओढू नका! डाक्टरीन बाईनं सांगतलं, अजिबात ओढू नका! बाजेच्या कडेले आना. लेकरू आपल्या वजनानं येऊ द्या. मानेवरचे केसं दिसले की मंग पाय धरून वर उचला.”

“आई कुठी हाय?” मी किंचाळले.

“मी घरात शिरेपर्यंत उतरत नाही म्हने. लोटून देलं मले.”

बाहेर पुन्हा कडाडलं. पण आम्हाला पाहायला वेळ नव्हता. भागिरथाबाईनं हात मागं घेतले, आणि तिला ते किती जड गेलं ते मी पाहत होते. पाय आले, कंबर आली. लेकरू निळं पडत चाललं आणि आम्ही नुसत्या बघत होतो. असा भयंकर वेळ माझ्यावर पुन्हा आला नाही. मग मानेवरचे ओले केस दिसले. तिनं पाय धरून उचललं. डोकं आलं. पोरगी होती. रडेना. भागिरथाबाईनं तिच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाठ चोळली, आणि ती एकदाची रडली.

रुख्मिणीला हुंदका फुटला. मीही रडले, बाहेर ओसरीत जानरावही रडत होता. तो रडतच आईला हाका मारत अंगणात निघाला, तर ती समोरून येत होती. चिंब भिजलेली, दातावर दात वाजत होते. विळा अजून हातात. बोटं वळून अशी आखडली होती, की जानरावानं एकेक बोट सोडवून तो काढून घेतला.

ती आत आली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. नातीला पाहिलं.

“पायाळू झाली,” भागिरथाबाई म्हणाली.

“नाही,” सासू म्हणाली. “डोक्याकडून आली.”

तिनं नातीचे पाय फडक्यात गुंडाळले.

“डोक्याकडून आली. भागिरथा, गावात कोनी इचारलं त हेच सांगजो. लिले, तू पन. रुख्मे, तुह्या नवऱ्याले पन हेच सांगजो. हिले त कधीच सांगू नका. पान्यात हिंडू द्या पोरीले.”

सगळ्यांनी माना हलवल्या. जानराव दारात उभा होता, आईच्या बोटांतून काढलेला विळा हातात घेऊन. तो हळू आवाजात म्हणाला, “आई, मंग माह्या वक्ताले काहून नाही सांगतलं असं?”

म्हातारीनं नातीवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

“तू माहा पयला होता रे,” ती म्हणाली. “खोटं बोलता येते, हे मले कोनी सांगतलंच नाही.”