पाहुण्यांसमोर भांडायचं नाही

कॉलेजात मी फ्रेंच घेतलं ते संस्कृतच्या धास्तीने. रूपं पाठ करायचा मला मनस्वी कंटाळा, आणि फ्रेंचच्या वर्गात पंखा होता. चार वर्षांत शब्दकोश मांडीवर घेऊन गोष्टी वाचण्याइतकी प्रगती झाली, पण जिवंत फ्रेंच माणसाशी एक वाक्य बोलायची वेळ कधी आली नाही. पुढे डहाणूच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि फ्रेंच ट्रंकेत गेलं. माझे वडील रेल्वेत नोकरीला. त्यांनी मात्र स्टेशनात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमची मुलगी फाडफाड फ्रेंच बोलते. मी कितीदा चिडले, पण त्यांची जाहिरात थांबली नाही.

तिचं फळ मला साठच्या दशकात मिळालं. दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी तालुक्याच्या कचेरीचा शिपाई थेट वर्गात आला आणि म्हणाला, “बाई, साहेबांनी बोलावलंय. फ्रान्सची माणसं येतायत.”

माणसं एकट्या फ्रान्सची नव्हती. सहा खासदार होते. एक फ्रान्सचा, एक बेल्जियमचा, एक कॅनडाचा आणि तिघे आफ्रिकेतल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतले. त्यांत एक बाई. ज्या ज्या देशांत फ्रेंच चालतं तिथल्या खासदारांनी एकत्र यावं, एकमेकांच्या संसदा बघाव्यात, सरकारांचं जमत नसलं तरी आपण बोलत राहावं, असा त्यांचा खटाटोप होता. त्यातच आपल्याकडचं पंचायत राज पाहायची त्यांना हौस. दिल्लीहून त्यांच्याबरोबर आलेला दुभाषा मुंबईत पोट धरून झोपला होता. तेव्हा उरले मी.

ज्या ग्रामपंचायतीची सभा ते बघणार होते ती आम्ही राहायचो त्याच किनाऱ्यावरच्या गावची. सरपंच चिकूच्या वाडीवाले, घरात गुजराती बोलणारे, मनाने दिलदार आणि हौशी गृहस्थ. त्यांच्या डोक्यात समुद्राकाठी एक बाग करायचं भरलं होतं. बाकडी, कारंजं, संध्याकाळी फिरायला लोक. आणि बागेसाठी त्यांनी धरलेली जागा म्हणजे कोळणींची बोंबील वाळवायची जागा. तिथे बांबू रोवून, दोर ताणून वलांडी उभ्या असत आणि जोडीजोडीने अडकवलेले बोंबील वाऱ्यावर वाळत. ओल्या बोंबलाला थांबायला वेळ नसतो. जागा गेली तर सबंध मोसम वाया, आणि पुढचेही.

आमच्याकडे रोज मासळी टाकणारी मावशी पंचायतीची सदस्य होती. बायकांच्या दोन राखीव जागांपैकी एक तिची. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. बाजारात तिच्याशी भाव करायला पुरुष कचरत. तिची वलांडही त्याच जागेत.

सभेच्या आदल्या दिवशी ग्रामसेवकाने चक्क रंगीत तालीम घेतली. कोण ठराव मांडणार, कोण अनुमोदन देणार, कोणी कधी मान डोलवायची, सगळं ठरलं. सात ठराव, सातवा बागेचा. विरोध कुणी करायचा नाही. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. पाहुणे आले की घरातलं भांडण आत ठेवायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. नवरा-बायको अबोला धरून बसलेली असली तरी पाहुण्याला दोघं मिळून हसत पोहे देतात. लोकशाही दाखवायची म्हणजे घर आवरून दाखवायचं, असा सगळ्यांचा प्रामाणिक समज.

मला राग आला तो मावशीचा. संध्याकाळी तिला वलांडीपाशी गाठून मी म्हटलं, “मावशी, उद्या ठराव झाला की जागा गेली. तू बोलत का नाहीस?”

“पावण्यांम्होरं?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “नाय गो बाय. आपल्या दारात पावनी आली नि मी कावकाव करू? शोभतंय?”

“मग नंतर काय करशील?”

“मंग नंतर भांडेन,” ती म्हणाली. पण नंतर भांडून काही होणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आणायला मी जीपमधून तलासरीला गेले. पाहुणे हमरस्त्यावर उतरले. मी रात्रभर घोकलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. बेल्जियमचे गृहस्थ, तेच म्होरके, कान पुढे करून म्हणाले, “पुन्हा एकदा?” तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांना समजलं. वडील तिथे नव्हते हे माझं नशीब. आफ्रिकेतल्या बाईंनी मात्र माझा दंड धरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. त्याही शिक्षिकाच होत्या, मग खासदार झालेल्या. फ्रेंच त्यांची शाळेतली भाषा. घरी, बाजारात, रागावताना वेगळीच. मी त्यांना जवळच्या उधवा गावच्या शाळेत नेलं. तिथे पोरं एकमेकांत आपल्या बोलीत, दुकानदाराशी गुजरातीत आणि गुरुजींशी मराठीत बोलताना त्यांनी ऐकली आणि हसून म्हणाल्या, “मग तुमचं मराठी म्हणजे आमचं फ्रेंच.” मला ते इतकं पटलं की उरलेल्या वाटेत माझी भीड चेपली.

सभा पंचायतीच्या कौलारू कचेरीत. सतरंज्या, हार, प्रत्येकासमोर चिकूची बशी. खिडकीबाहेर कोळणी उभ्या. नऊ सदस्य इस्त्रीचे कपडे करून बसलेले, मावशी कोपऱ्यात, नवं लुगडं, डोळे जमिनीला. पहिला ठराव, मंजूर. दुसरा, मंजूर. सगळं तालमीबरहुकूम. मी प्रत्येक ठराव मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगत होते आणि शेवटचा शब्द दर वेळी तोच होता. पाचव्या ठरावाला कॅनडाच्या गृहस्थांनी जांभई गिळली.

सातवा ठराव वाचला गेला. सरपंचांनी बागेचं वर्णन अगदी रंगून केलं. मावशीने पदराचं टोक दाताखाली धरलं. तेवढ्यात आफ्रिकेतल्या बाई शेजारच्या फ्रान्सच्या खासदाराकडे झुकून कुजबुजल्या, “इथे विरोधात कुणीच नसतं का?”

ते माझ्यासाठी नव्हतं. पाहुण्यांची आपसातली कुजबुज भाषांतरात घ्यायची नसते, एवढं मलाही कळत होतं. पण मावशीचा तो पदर माझ्याने बघवेना. मी उठले आणि खणखणीत मराठीत म्हटलं, “पाहुण्या बाई विचारतात, ठरावाच्या विरोधात कुणीच नाही का?”

ग्रामसेवक माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघू लागला. सरपंचांनी हार सारखा केला. पाहुण्या बाईंना माझ्या बोलण्यातलं काही कळलं नसलं तरी सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे कळलं. त्यांनी मला विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्होरके घाईने उठले आणि म्हणाले, “आम्ही पाहुणे आहोत. तुमच्या सभागृहात प्रश्न विचारायचा आम्हाला अधिकार नाही. क्षमा असावी.” हेही मी सांगितलं, आवाज मात्र आपोआप बारीक झाला.

“असं कसं!” सरपंच एकदम म्हणाले. “पाहुण्याने विचारलं आणि घरातलं माणूस गप्प बसलं, हे बरं दिसेल का? जवाब तर द्यायलाच पाहिजे.” त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. “आहे का कोणी?”

मावशीने पदर सोडला. “पावनीने विचारलंय म्हनून सांगतंय,” ती म्हणाली आणि उभी राहिली. “मी हाय इरोधात.”

आणि मग तिचा तो बाजारातला आवाज लागला. बागेत लोक बसतील, चांगलं हाय, पण आमचा म्हावरा कुठं बसवायचा? कारंजावर? बाहेरच्या कोळणी खिडकीतून ओरडल्या. एक सदस्य म्हणाला मावशीचं बरोबर, दुसरा म्हणाला बाग झालीच पाहिजे, तिसऱ्याने जुनं पाणवठ्याचं प्रकरण उकरून काढलं. मी फ्रेंच करत होते की नुसते हातवारे, मला आठवत नाही. पण पाहुणे सावरून बसले होते. आफ्रिकेतल्या बाई तर गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, “हं! आता सभा सुरू झाली.”

हात वर झाले. बागेच्या बाजूने चार, विरोधात चार. राहिले सरपंच.

त्यांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, “बेन, यांना विचारा, यांच्याकडे असं झालं तर काय करतात?” मी विचारलं. म्होरके म्हणाले, समसमान मतं म्हणजे ठराव पडला. कॅनडाचे म्हणाले, छे, अध्यक्षाने मत द्यायचं. फ्रान्सचे दोघांवरही उखडले. बाकीचे तिघे मध्ये पडले, आणि बघता बघता सहाही खासदार आमच्या सतरंजीवर एकमेकांवर बोटं रोखून भांडू लागले. तेही पाहुणे असून, यजमानासमोर! आमच्या माणसांत एकेकाला हसू फुटलं. सरपंच तर पोट धरून हसले. त्यांच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं जणू.

हसून झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेरच्या कोळणींकडे पाहिलं. “माझ्या घरी वाडी आहे,” ते म्हणाले. “मला सावलीत बसायला जागा आहे. या बायांना वाळवायला दुसरी जागा कुठे आहे?” आणि त्यांनी हात विरोधात वर केला. आपल्याच बागेच्या विरोधात. त्या माणसाबद्दल मी आधी मनात जे जे बोलले होते त्याची मला लाज वाटली.

पाहुणे निघताना बाईंनी मला जवळ ओढून घेतलं. “माझी कुजबुज तू चोरलीस,” त्या म्हणाल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर माझे दोन्ही हात दाबून त्या जीपमध्ये चढल्या.

मी परत कचेरीत आले. ग्रामसेवक घुश्शातच सभेची हकिकत वहीत लिहीत होता. पाहुण्यांचा प्रश्न लिहायचा की नाही हे त्याला समजेना, म्हणून तो गाळून त्याने सरळ विरोध करणाऱ्या सदस्याचं नाव लिहिलं. मावशी दारातच उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला वहीपाशी नेऊन विचारलं, “काय लिवलंय गो?”

मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग आपलं नाव नेमकं कुठे आहे ते विचारलं. मी बोट ठेवलं तिथे तिनेही बोट ठेवलं, बोंबलाच्या वासाचं.

“चार वरसं बसतंय मी हितं,” ती म्हणाली. “आंगठा लय येळा दिला. नाव आज लिवलं.”