छोटीशी अडचण

“एक छोटीशी अडचण आहे,” असं म्हणतच ते आमच्या बँकेत शिरायचे. रियाधमध्ये राहिलेल्यांनी असे म्हातारे पाहिले असतील: कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ तोब, एका हातात अरबी कॉफीचा थर्मास, दुसऱ्यात बुरैद्याच्या खजुरांचा डबा. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. मी परदेशातून येणाऱ्या पैशांच्या टेबलावर होतो.

कॉफी ते स्वतः ओतायचे. बिनकानाचा चिमुकला कप रिकामा झाला की पुन्हा भरायचे. पहिल्या दिवशी मी भिडेखातर पीतच राहिलो. शेवटी त्यांनाच हसू आलं. “बस झालं की कप हलवायचा, सदीक, मित्रा. नाहीतर मी ओततच राहीन.”

अडचण अशी होती. लोकांनी निवडलेलं सभागृह हवं, या अर्जावर सह्या करणारे काहीजण तुरुंगात होते. मास्तरांचा धाकटा भाऊही त्यांत होता. वकिलासाठी मास्तरांनी गुपचूप चौघांना जमवलं होतं. युरोपातली एक संस्था मदत करायला तयार होती, पण तिला गटाची सरकारी नोंदणी हवी होती. नोंदणी मागायला जाणं म्हणजे आपल्या पायांनी तुरुंगात जाणं.

“शिवाय त्यांना आमच्या बैठकीचे फोटो हवेत,” ते हळूच म्हणाले. “बरंच आहे. पोलिसांची शोधाशोध वाचेल.”

आम्ही दोघंही हसलो.

मग संस्थेतल्या कुणा भल्या माणसाने न विचारताच पैसे मास्तरांच्या खात्यावर पाठवले. रक्कम माझ्या टेबलावर अडली: कशासाठी, ते लिहून द्या. मी त्यांना बोलावलं.

“घेतले तर मला पकडतील. माझ्यामागून त्या चौघांना.” त्यांनी थर्मास माझ्याकडे सरकवला. “परत पाठवा.”

“आणि वकील?”

त्या दिवशी कॉफी मी ओतली. एकच घोट घेऊन त्यांनी कप हलवला. “खलास. आता अडचण नाही.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी पुढचं काम उचललं.

काही आठवड्यांनी त्यांचं खातं गोठवण्याचा आदेश आला. परत पाठवलेल्या पैशांचीही कुठेतरी नोंद झाली असावी. तो आदेशही मीच अमलात आणला. मास्तर पुन्हा दिसले नाहीत. विचारणार कुणाला?

पुढे सौदीकरणात माझं टेबल गेलं. शेवटच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या सौदी सहकाऱ्याने निरोपाची कॉफी ओतली. कप रिकामा झाला, त्याने भरला. पुन्हा भरला.

“बस झालं की हलवा, सर,” तो म्हणाला.

मला माहीत होतं. हात हलेना. तो ओतत राहिला.